वाढं, बोंडू आणि शेळीचं पोट



उसाच्या अधिकाऱ्याने शेळीवर लेख लिहावा, हे काही जणांना चमत्कारिक वाटेल. लागण, खोडवा, आडसाली यांवर लिहायचं सोडून हे काय काढलंय, असं आमच्या चिटबॉयनेही विचारलं. पण आपल्या कार्यक्षेत्रात दावणीला म्हैस नाही असा सभासद सापडेल. परड्यात दोन शेळ्या नाहीत असा शोधावा लागेल. उसाचं बिल मालकाच्या खात्यावर जमा होतं. शेळीचे पैसे मात्र बहुतेक घरांत बाईच्या हातात येतात आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांना लागतात. म्हणून हा विषय.

विषय सुचला तो मात्र घाटाखाली. माझी थोरली बहीण रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात दिलेली आहे. आंबा घाट उतरून साखरप्याला पोचलं की आपला उसाचा पट्टा मागे पडतो आणि काजू, आंबा, भाताची खाचरं सुरू होतात. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो, तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. चौकशी केली, तेव्हा कळलं की चार दिवसांपूर्वी गाभण शेळी गेली. पाचवा महिना चालू होता. आक्का म्हणाली, "पोरासारखी वाढवली होती रे."

झालं होतं असं. काजूची बी काढून घेतली की बोंडू झाडाखालीच टाकतात. बी एक किलो निघाली, तर बोंडू त्याच्या कितीतरी पट, सहा-सात किलोच्या वरच निघतो. दाजींनी बागेतला सगळा बोंडू गोळा करून खतासाठी गोठ्यामागे ढीग घातला होता आणि वर ताडपत्री टाकली होती. दोन दिवसांत तो फसफसला. शेळीने रात्री दावं तोडलं आणि पोटभर, म्हणजे पोट फुटेस्तोवर खाल्लं. सकाळी पोट टम्म, डोळे खोल, उभं राहवेना. डॉक्टर येईपर्यंत खेळ आटोपला होता.

दाजींनी निष्कर्ष काढला, "बोंडू म्हणजे शेळीला विष." मी म्हटलं, "दाजी, शेजारच्या शेळ्या रोज झाडाखाली दोन-चार बोंडू खातातच की. त्या का मरत नाहीत?"

इथे थोडं शास्त्र सांगितलं पाहिजे. शेळीच्या पहिल्या, मोठ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात. चारा पचवतात ते हे जीव. शेळी नुसती चावते. त्यांना पाला, कडबा, गवत हळूहळू पचवायची सवय असते. एकदम गोड किंवा पिठूळ पदार्थ भरपूर गेला, की आम्ल तयार करणारे जीव माजतात, पोट आंबट होतं, रक्तातही आम्ल वाढतं आणि जनावर बसतं. लग्नाच्या जेवणावळीतला उरलेला भात खाऊन शेळ्या मेल्याचं आपल्याकडेही दर वर्षी ऐकतो. कारण तेच. शिवाय अशा भरल्या पोटात आंत्रविषाराचे जंतू वाढायला सोपं जातं. म्हणून पावसाळ्याआधी त्याची लस टोचून घ्यावी, हे जाता जाता सांगून ठेवतो.

बोंडू विष नाही. त्यात शंभरातले पंचाऐंशी भाग पाणी, दहाएक भाग साखर आणि घसा धरणारा तुरटपणा. गुरांपेक्षा शेळीला तुरट पाला जास्त पेलतो, कारण ती मुळातच झाडोरा ओरबाडणारी. पण असा रसाळ, गोड माल उघड्यावर ठेवला की त्यात यीस्ट शिरतं आणि साखरेची दारू होते. गोव्यात काजूच्या रसाची फेणी होते ती याच गुणामुळे. तिकडे रस काढून उरलेल्या चोथ्याचं काय करायचं, हा प्रश्न आहेच. ब्राझीलच्या ईशान्य भागात काजूचा रस काढणारे कारखाने आहेत. तिथे हा चोथा हत्तीगवताच्या मुरघासात मिसळून शेळ्या-मेंढ्यांना घालण्याचे बरेच प्रयोग झालेले आहेत. म्हणजे वाट आहे.

ती वाट अशी की हवा बंद करायची आणि पाणी कमी करायचं. हवा नसली की दह्यातल्यासारखे जीव साखरेचं आम्ल करतात, आणि त्या आंबटपणात माल लोणच्यासारखा टिकतो. तेच मुरघास. हवा राहिली तर बुरशी, पाणी जास्त झालं तर घाण वासाची कुजकी रबडी, आणि नुसती साखर-पाणी असेल तर दारू. या सगळ्यांना आंबलेलंच म्हणतात, पण शेळीला मुरघासच चालतं.

त्या सुट्टीत आम्ही दोघांनी एक निळं दोनशे लिटरचं पिंप भरलं. ताजा, त्याच दिवशीचा बोंडू घेतला. ढिगातला एकही नाही. तो ठेचून तीन वाटे, आणि भाताचा सुका पेंढा बोटाच्या पेराएवढा चिरून एक वाटा, वजनाने. पेंढा पाणी शोषतो म्हणून तो हवा. मिश्रण मुठीत दाबून बघायचं: गोळा झाला पाहिजे, हात ओला झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. मूठभर मीठ टाकलं. थर देऊन भाच्याला पिंपात उभा करून तुडवायला लावलं, वर प्लास्टिक, त्यावर दगड, झाकण घट्ट.

जुलैत फोन केला. कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. आठ-आठ दिवस शेळी बाहेर काढता येत नाही, आणि खरी उपासमार तेव्हाच. विचारलं, "वास कसा आहे?" दाजी म्हणाले, "आमसुलासारखा. जरासा दारूचाही आहे." वरची चार बोटं बुरशी होती, ती पुरून टाकायला लावली. पहिले दोन दिवस शेळ्यांनी तोंड फिरवलं, तिसऱ्या दिवशी पाल्यात मिसळून दिलं तेव्हा चाटूनपुसून खाल्लं. याने वजन किती वाढलं, ते मला विचारू नका, आम्ही काटा लावला नव्हता. पावसात पोटाला आधार झाला, एवढंच सांगतो. दाजींच्या शेळ्या कोकण कन्याळ जातीच्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नावारूपाला आणलेली ही जात त्या पावसात टिकते. आपली उस्मानाबादी तिथे नेऊन बांधली तर खुरं सडायची. हे सांगतो अशासाठी, की मुरघास कितीही चांगला केला तरी जात आणि जागा जुळलेली पाहिजे.

आता आपल्या वाढ्याकडे येऊ. गाळपाच्या दिवसांत वाढं उदंड, आणि एप्रिल-मेमध्ये हिरवी काडी नाही. टनभर उसामागे साधारण दीड-दोन क्विंटल वाढं निघतं. रिवाजाप्रमाणे ते तोडणी टोळीचं. त्यांच्या बैलांचा चारा आणि विकून मिळणारा रोजचा खर्च त्यावर चालतो. तेव्हा परस्पर उचलून नेऊन भांडण ओढवू नका. मुकादमाशी आधी बोला आणि रास्त पैसे द्या. यंत्राने तोडणी होते तिथे वाढ्याचे तुकडे होऊन रानात उडतात, ते मातीसकट गोळा करू नयेत. आणि पाचट मात्र रानातच ठेवा. मुरघासाला हिरवं वाढंच हवं.

मी स्वतः हा प्रयोग बारा-तेरा वर्षांपूर्वी केला आणि फसलो. डिप्लोमाच्या पुस्तकात खड्ड्याचं माप होतं, त्याप्रमाणे परड्यात दहा फूट लांब, पाच फूट रुंद, पाच फूट खोल खड्डा काढला. भरला चांगला, तुडवला चांगला. दोन महिन्यांनी उघडला तर पिवळसर हिरवा, झकास वास. गल्लीतली माणसं बघायला आली. पण आमच्या शेळ्या होत्या सहा. त्या दिवसाला पाच-सहा किलो खाणार, आणि खड्ड्यात चार टन माल. तोंड उघडं राहिलं, हवा आत गेली, आठवड्याभरात आतून गरम लागायला लागलं, पंधरवड्यात पांढरी-काळी बुरशी. तीन टनांवर माल उकिरड्यात गेला. अधिकाऱ्याच्या घरचा खड्डा म्हणून पुढे दोन वर्षं गावात थट्टा चालली होती. वीस म्हशींसाठीचं माप मी सहा शेळ्यांना लावलं, ही चूक माझी.

म्हणून शेळीवाल्याने खड्डा काढूच नये. चाळीस-पन्नास किलोची जाड प्लास्टिकची पिशवी घ्यावी, बाहेरून पोतं. दहा शेळ्यांना रोज किलोप्रमाणे दिलं तर एक पिशवी चार-पाच दिवसांत संपते, बिघडायला वेळच मिळत नाही. तीन महिन्यांना नऊशे किलो, म्हणजे वीसेक पिशव्या. दहा गुंठ्यांच्या चांगल्या उसातलं वाढं त्याला पुरतं. वाढं अर्धा दिवस सुकवून कडबा कुट्टीवर बारीक करावं. टनाला किलोभर मीठ, दोन किलो गूळ पुरे. वाढ्यात स्वतःची साखर असते. कारखान्याची मळी मागायला येऊ नका. ती उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांखाली येते, घमेल्याने देता येत नाही. अख्खा ऊसही कुट्टी करून भरू नये, त्याची बोंडूसारखी दारू होते. पिशवी दाबून, हवा काढून, सुतळीने आवळावी आणि उंच फळीवर ठेवावी. घुशीने पाडलेलं करंगळीएवढं भोकसुद्धा पिशवी वाया घालवतं. पंचेचाळीस दिवस हात लावू नये.

खाऊ घालताना पहिल्या दिवशी पावशेर, मग दहा-पंधरा दिवसांत वाढवत किलोवर. तेही कोरडा चारा आधी देऊन. तीन महिन्यांच्या आतल्या करडांना मुळीच नको. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून रोज दहा ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नये. प्रथिनं वाढ्यातही नाहीत नि बोंडूतही नाहीत, ती शेवरी-सुबाभळीच्या पाल्यातून द्यावी लागतात. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको.

गाभण शेळीचं वेगळं सांगतो, आक्काची शेळी डोळ्यांसमोर आहे म्हणून. बिघडलेल्या मुरघासात लिस्टेरिया नावाचे जंतू वाढतात. त्याने शेळी गाभडते, किंवा मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरते. बुरशीचा कण दिसला, कुबट वास आला, तर ती पिशवी गाभणीला नाहीच, इतरांनाही नाही. शेळीने कुठे घबाड खाल्लंच आणि पोट फुगायला लागलं, तर घरगुती उपचारात वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवावं.

येत्या हंगामात ज्यांना पिशव्या भरायच्या असतील त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव द्यावं. पहिली पिशवी भरून दाखवायला मी स्वतः येईन. फोडल्यावर वासाबद्दल शंका आली तर मूठभर नमुना कागदात बांधून आणावा. दाजींनी यंदा तीन पिंपं बाजूला ठेवली आहेत, आणि बोंडवाचा ढीग गोठ्यामागून हलवून कुंपणाबाहेर नेला आहे.