खोकला नसलेला क्षय

क्षय म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो खोकून खोकून खंगलेला माणूस. आणि तो रोग आपण भारतातच सोडून आलो, अशी आपली समजूत असते. अमेरिकेत संसर्गजन्य रोगांचा डॉक्टर म्हणून काम करताना माझा अनुभव मात्र वेगळा आहे. आपल्या लोकांतला क्षय मी पुष्कळदा मानेतल्या गाठीत, आतड्यात किंवा पाठीच्या मणक्यात पाहिला. खोकला नाही, छातीचा एक्स-रेही स्वच्छ. मग इथल्या डॉक्टरांना शंका लवकर येत नाही, आणि आपणही घरातला जुना इतिहास आपणहून सांगत नाही.

क्षयाचा जंतू लहानपणी श्वासातून शरीरात शिरतो आणि वर्षानुवर्षे झोपून राहतो. याला सुप्त क्षय म्हणतात. असा माणूस आजारी नसतो आणि त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. उपचार न केल्यास अशा शंभरांपैकी पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी खरा रोग होतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा स्टेरॉइडसारखी औषधे असतील तर धोका वाढतो.

एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चाळिशीच्या एका बाईंना चार महिने पोटात उजवीकडे दुखत होते, संध्याकाळी कणकण येई आणि वजन अठरा पौंडांनी उतरले होते. कोलोनोस्कोपीत लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तिथे व्रण दिसले. निदान झाले क्रोन्स या आतड्याच्या विकाराचे आणि स्टेरॉइड सुरू करायचे ठरले. तत्पूर्वी त्यांना माझ्याकडे पाठवले.

क्रोन्स आणि आतड्याचा क्षय जुळ्या भावांसारखे दिसतात. जागा तीच, व्रण तसेच, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे पेशींचे पुंजकेही दोन्हीकडे. उपचार मात्र उलट. क्रोन्समध्ये प्रतिकारशक्ती दाबावी लागते. क्षयात ती दाबली तर रोग अंगभर पसरू शकतो.

मी विचारले, "घरात कुणाला टीबी झाला होता का?" त्या म्हणाल्या, "छे हो डॉक्टर, आमच्याकडे कुणालाच नाही." म्हणून मी प्रश्न बदलला. कुणाच्या छातीत पाणी झाले होते? कुणाला गंडमाळा होत्या? कुणी महिनोन्महिने इंजेक्शने घेतली? कुणाला मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये ठेवले होते? त्यांनी त्या रात्री साताऱ्याला आईंना फोन लावला. त्या लहान असताना वडिलांच्या छातीत पाणी झाले होते, बरेच महिने गोळ्या चालल्या होत्या. मुलींच्या लग्नात अडचण नको म्हणून घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नव्हता.

आम्ही स्टेरॉइड थांबवले आणि आतड्याचे नवे तुकडे घेतले. इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. बायॉप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की त्यातले जंतू मरतात आणि कल्चर करता येत नाही. एक भाग फॉर्मॅलिनशिवाय वेगळा पाठवावा लागतो. पीसीआर चाचणीत काही सापडले नाही, पण ती नकारात्मक आली म्हणून क्षय नाही असे ठरत नाही. हा जंतू फार सावकाश वाढतो, कल्चरला सहा ते आठ आठवडेही लागतात. एकंदर चित्र पाहून आम्ही आधीच औषधे सुरू केली. पाचव्या आठवड्यात कल्चरमध्ये क्षयाचा जंतू वाढला. सहा महिन्यांनी व्रण भरले होते आणि वजनही परत आले होते.

नेहमीचा उपचार असा: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने दोन. मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर मुदत जास्त. रिफॅम्पिनने लघवी केशरी होते, घाबरू नये. पण त्याच औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांचा परिणाम कमी होतो, हे डॉक्टरांशी बोलून घ्यावे. यकृताला जपायचे म्हणून दारू पूर्ण बंद.

आता खर्चाचे. अमेरिकेत क्षयाची नोंद आरोग्य विभागाला द्यावीच लागते. बहुतेक ठिकाणी तोच विभाग औषधे फुकट किंवा अल्प दरात देतो, नर्सही लक्ष ठेवते. तेव्हा इन्शुरन्स नाही म्हणून कुणी दुखणे अंगावर काढू नये. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. कोलोनोस्कोपी, स्कॅन यांचे बिल मात्र मोठे असते. दवाखाना आपल्या इन्शुरन्सच्या यादीत आहे का, ते आधी विचारावे.

वाचकांना माझे सांगणे एवढेच:

१. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला ताप, न दुखणारी मानेतली गाठ, कारण नसताना उतरणारे वजन, रात्री घाम, न हटणारी पाठदुखी यांपैकी काही असेल तर "माझा जन्म भारतातला, क्षय असू शकेल का?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

२. दंडावर बीसीजीचा वण असेल तर त्वचेवरच्या चाचणीऐवजी रक्ताची इग्रा चाचणी मागा. बीसीजीमुळे ती चुकत नाही. मात्र ती जंतूची लागण सांगते, चालू रोग आहे की नाही हे सांगत नाही.

३. संधिवात, सोरायसिस किंवा क्रोन्ससाठी प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू होणार असेल तर आधी ही तपासणी झाली आहे याची खात्री करा. सुप्त क्षयावर आता तीन-चार महिन्यांचा उपचार पुरतो.

४. फुप्फुसात रोग नसेल तर गाठीच्या किंवा आतड्याच्या क्षयाची लागण सहसा इतरांना होत नाही. ताटवाटी वेगळी करू नका.

आणि या रविवारी गावी फोन कराल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना छातीतल्या पाण्याबद्दल जरूर विचारा. उत्तर लिहून आपल्या कागदपत्रांत ठेवा.