पडद्यावरील झेंडा आणि सेन्सॉरची कात्री

परक्या सत्तेखालीं राहून परक्यांशीं झालेल्या लढाईचें चित्र लोकांपुढें मांडावयाचें, हें काम मोठें अवघड. पुस्तक चोरून छापतां येतें, पोवाडा रात्रीं देवळाच्या ओसरीवर गातां येतो. परंतु चित्रपटाला सिनेमागृह लागतें, भांडवल लागतें आणि सरकारचा दाखला लागतो. इ. स. १९१८ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत हा दाखला आवश्यक झाला व १९२० सालीं मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथें सेन्सॉर मंडळें बसलीं. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष कोण, तर पोलिस कमिशनर! चित्राची परीक्षा कलेच्या दृष्टीनें होणार कीं बंदोबस्ताच्या, हें निराळें सांगावयास नको. १९२१ सालच्या 'भक्त विदुर' या मूकपटांत विदुराच्या डोक्यावर गांधी टोपी व अंगावर खादी दिसली, तेव्हां मद्रास व कराची येथें त्या चित्रास बंदी झाली. महाभारतांतल्या विदुरावरहि राजद्रोहाचा संशय यावा, यावरून त्या काळच्या भीतीची कल्पना करावी.

अशा दिवसांत मराठी माणसांनीं युद्धपट काढले, आणि ते काढतांना एक युक्ति योजिली. आजचें भांडण कालच्या पोशाखांत उभें करावयाचें. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनीं १९२३ सालीं हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवरून 'सिंहगड' हा मूकपट तयार केला. त्यांत शेलारमामांची भूमिका करणारा तरुण पुढें व्ही. शांताराम या नांवानें देशभर प्रसिद्ध झाला. पडद्यावरील शत्रु हा मोंगलांचा किल्लेदार होता. पण खुर्चीवर बसलेल्या प्रेक्षकाच्या मनांतला शत्रु कोण, हें तपासण्याचें यंत्र मंडळाजवळ नव्हतें.

त्याच १९२३ सालीं नागपुरांत काय चाललें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या युक्तीचें मर्म कळतें. मध्यप्रांताच्या या राजधानींत राष्ट्रीय झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्यें जाण्यास मनाई होती. १ मेपासून सत्याग्रह सुरू झाला. स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन निघत, वाटेंत अडविल्या जात आणि तुरुंगाचा रस्ता धरीत. प्रारंभीं जमनालाल बजाज पुढें होते. ते पकडले गेल्यावर वल्लभभाई पटेलांनीं सूत्रें हातीं घेतलीं. परप्रांतांतूनहि माणसें आलीं व हजारावर लोकांनीं कारावास पत्करला. शेवटीं १८ ऑगस्ट रोजीं झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून पार पडली. सीताबर्डीच्या टेकडीवर १८१७ च्या नोव्हेंबरांत भोसल्यांच्या फौजेनें तोफाबंदुकांनीं इंग्रजांशीं झुंज दिली होती. त्याच गांवांत एक शतकानंतरची ही लढाई खादीच्या एका तुकड्यासाठीं झाली.

कापडाच्या या तुकड्याचें सामर्थ्य सरकारनें नीट ओळखलें होतें, याचा दाखला पुढें सात वर्षांनीं मिळाला. १९२९ सालीं कोल्हापुरास शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी यांनीं प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३० सालीं त्यांनीं शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या पराक्रमावर मूकपट घेतला. महाराजांची भूमिका स्वतः शांतारामांची, दिग्दर्शनहि त्यांचेंच. नांव ठेविलें 'स्वराज्य तोरण'. सेन्सॉरला 'स्वराज्य' हा शब्दच खपेना. तें वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचें. त्याच वर्षीं विदर्भांत जंगल सत्याग्रह झाला. शेवटीं चित्राचें नांव बदलून 'उदयकाल' करावें लागलें, आणि किल्ल्यावर झेंडा चढविण्याच्या अखेरच्या प्रसंगावरहि कात्री चालली. झेंडा तीन शतकांपूर्वींच्या राजाचा. पण नागपूरचा सत्याग्रह ज्यांनीं पाहिला किंवा वाचला होता, त्यांना झेंडा वर चढण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. मंडळाला नेमकी हीच धास्ती. फीत कापतां येते, प्रेक्षकाची आठवण कापतां येत नाहीं.

ही गोष्ट एकट्या हिंदुस्थानची नव्हती. जपाननें १९१० सालीं कोरिया देश आपल्या राज्यास जोडला. तेथें १९२६ सालीं ना उन-ग्यू या कलावंतानें 'आरिरांग' हा मूकपट काढला. त्यांतील वेडा झालेला तरुण आपल्या बहिणीवर हात टाकणाऱ्या जमीनदाराच्या हस्तकाला विळ्यानें ठार करतो आणि पोलिसांच्या पहाऱ्यांत टेकडी ओलांडून जातो. मारला जातो तो स्वदेशीयच. जपानी अधिकाऱ्याचा वध दाखविणें अशक्यच होतें. मात्र तेथील मूकपटांना एक सोय होती. पडद्याशेजारीं उभा राहून कथा सांगणारा निवेदक असे. त्यास 'ब्योन्सा' म्हणत. तपासणी चित्राची झालेली. निवेदकाच्या आवाजांतल्या कंपाची कशी व्हावी? त्या चित्राची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं.

वेषांतराच्या या युक्तीची किंमतहि द्यावी लागते, आणि तिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाहीं. इंग्रजाला मोंगलाचा अंगरखा चढविला म्हणजे जाणता प्रेक्षक आंतला इंग्रज ओळखतो. परंतु सर्वच प्रेक्षक जाणते नसतात. इंग्रज गेल्यावर अंगरखा तेवढा मागें उरतो, आणि मग बोट परक्या सत्तेकडे न जातां गल्लींतल्या शेजाऱ्याकडे वळतें. हा दोष त्या निर्मात्यांचा म्हणतां येणार नाहीं. त्यांना दुसरी वाटच ठेविलेली नव्हती. पण ज्यांना वाट मोकळी आहे, त्यांनींहि तोच अंगरखा वापरीत राहावें, याला काय म्हणावें?

स्वातंत्र्यानंतर शत्रूला त्याच्या स्वतःच्या पोशाखांत दाखवितां येऊं लागलें. कोरिया १९४५ सालीं जपानपासून मुक्त झाला आणि पुढल्याच वर्षीं चोइ इन-ग्यू यांनीं स्वातंत्र्यलढ्यावर बोलपट काढला. १९२० च्या जूनमध्यें मांचुरियांतील बोंगोदोंगच्या दरींत कोरियन स्वातंत्र्यसैनिकांनीं जपानी फौजेला खेचून आणून झोडपलें होतें; त्या लढाईवरील भव्य चित्रपट २०१९ सालीं निघाला. त्यांत तोफा, धूर व रक्त यांची कमतरता नाहीं. पण प्रेक्षकानें मनांत भरून घ्यावें असें फारसें शिल्लक ठेविलेलें नाहीं.

मराठींत या दृष्टीनें नचिकेत व जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा १९७९ सालचा बोलपट अधिक मोलाचा. विषय चापेकर बंधूंचा. प्लेगच्या बंदोबस्तासाठीं नेमलेल्या रँडच्या अमदानींत पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घरोघर झडत्या घेतल्या, आणि राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. येथें शत्रु इंग्रज, तो इंग्रज म्हणूनच उभा आहे. परंतु ही कथा केवळ इंग्रजाच्या वधाची नाहीं. बक्षिसाच्या लोभानें सरकारला बातमी देणारे द्रविड बंधूहि पुण्याचेच होते. दामोदर १८ एप्रिल १८९८ रोजीं फांसावर गेला. द्रविड बंधूंना १८९९ च्या फेब्रुवारींत वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनीं गोळ्या घातल्या. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत त्या दोघांना व बाळकृष्णाला फांशी झाली, आणि चापेकरांच्या घरांतले तिन्ही भाऊ संपले.