शिकागोचा सौदा, मुखेडचा काटा

मागच्या भागात आपण लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली तिथे थांबलो होतो. तारीख 15 सप्टेंबर 2008. मुखेडच्या शिवारात तेव्हा सोयाबीनच्या शेंगा पिवळ्या पडत होत्या. त्या बँकेचा या शेंगेशी काय संबंध, ते आज पाहू.

मोंढ्यात खरेदीदार पोत्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर घोळवतो, एखादा दाताखाली धरून ओल बघतो. भाव आता ठरेल, असं आपल्याला वाटतं. तो बहुतांशी आधीच ठरलेला असतो. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम अठरा किलो, बाकी बहुतेक पेंड. पेंड परदेशी जाते, तेल परदेशातून येतं. म्हणून लातूरचे कारखानदार शिकागोच्या वायद्यावर डोळा ठेवून असतात, आणि लातूरचा आकडा आला की मुखेडचा काटा हलतो.

जुलै 2008 मध्ये शिकागोत बुशेलला, म्हणजे साधारण 27 किलोला, 16 डॉलरच्या वर भाव होता. डिसेंबरात तो आठच्याही खाली आला. सोयाबीन खाणारी तोंडं काही निम्मी झाली नव्हती. पण लेहमन बुडाल्यावर बँकांचा एकमेकींवर विश्वास उरला नाही, जहाजभर माल उचलायला लागणारी हमी मिळेना, वायद्यात पैसा लावणाऱ्यांनी अंग काढून घेतलं. आणि आपल्याकडे राशी होऊन माल बाजारात यायची वेळ नेमकी तीच.

या संकटातून सावरायला नोव्हेंबर 2008 मध्ये चीनने 4 लाख कोटी युआन खर्चाची योजना जाहीर केली. त्याच महिन्यात वॉशिंग्टनला जी-20 देशांचे प्रमुख पहिल्यांदा एकत्र बसले. तोवर जगाच्या अर्थकारणाचे निर्णय सात-आठ श्रीमंत देश आपसात घेत. भारतालाही खुर्ची मिळाली, याचा आनंद आहेच. पण खुर्ची मिळणं वेगळं आणि भाव हलवणं वेगळं. भाव हलवू लागला तो चीन. 2008 साली सुमारे पावणेचार कोटी टन सोयाबीन आयात करणारा हा देश 2017 साली साडेनऊ कोटी टनांवर गेला. ब्राझीलचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार 2009 मध्ये अमेरिकेऐवजी चीन झाला. 2018 मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के कर लावला, तेव्हा शिकागोचा भाव दहा वर्षांच्या तळाला गेला. सौदा अजून शिकागोत होतो, शब्द मात्र गिऱ्हाइकाचा चालतो.

पुन्हा 2008 च्या त्या पडझडीकडे येऊ. डिसेंबरात आठच्या खाली गेलेला शिकागोचा भाव जून 2009 मध्ये पुन्हा 12 डॉलरवर चढला. पण लहान शेतकऱ्याच्या घरात तोवर सोयाबीन राहतं कुठे? उधारी, मळणीची मजुरी, हरभऱ्याचं बियाणं, सगळं दिवाळीआधी दारात उभं असतं.

चीनची खरेदी आपल्या हातात नाही, विकण्याची वेळ थोडीफार आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घ्यायचं. यंदा राशीआधी आपल्या बाजार समितीत जाऊन गोदामात जागा आहे का, एवढं नक्की विचारा.