सागरतळ केबल
सागरतळ केबल : समुद्राच्या तळावरून देशोदेशींचे संदेश वाहून नेणारी केबल. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाच्या साहाय्याने मुंबई ते एडन व पुढे सुएझ अशी तारायंत्र केबल टाकण्यात आली. तिच्यातील तांब्याच्या तारेवर गटापर्चाचे विद्युत् निरोधक आवरण होते. आधुनिक केबलीत केसाएवढे बारीक काचतंतू असून त्यांतून संदेश प्रकाशस्पंदांच्या रूपात जातात. प्रकाश क्षीण होत असल्याने ठराविक अंतरावर विवर्धक बसवितात. त्यांना वीज किनाऱ्यावरून, केबलीतीलच धातूच्या वाहकातून पुरविली जाते. खोल समुद्रात केबल बारीक असते. उथळ पाण्यात मात्र जहाजांचे नांगर व मासेमारीची जाळी यांपासून धोका असल्याने तिला पोलादी तारांचे कवच देतात व शक्य तेथे तळात पुरतात.

जालना जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही तेथील बी-बियाणे व पोलाद उद्योगांचा परदेशांशी होणारा इंटरनेट व्यवहार मुख्यतः याच केबलींवर अवलंबून आहे. संदेश जमिनीखालील प्रकाशीय तंतूंतून मुंबई वा चेन्नईसारख्या किनारा-केंद्रापर्यंत जाऊन तेथून समुद्रात उतरतो. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली निकामी झाल्या व भारतातील इंटरनेट सेवा विस्कळीत झाली. केबल तुटल्यास विशेष जहाजातून तिची टोके वर काढून सांधावी लागतात. सुमारे ३६,००० किमी. उंचीवरील भूस्थिर उपग्रहांमार्फत संदेशाला विलंब लागतो आणि त्यांची क्षमताही तुलनेने कमी असते. म्हणून भिन्न मार्गांनी जाणाऱ्या अनेक केबली असणे, हाच दूरच्या अंतर्भागातील जिल्ह्यांसाठीही खात्रीचा उपाय ठरतो.