शस्त्राचा परवाना : नागरिकाला की माणसाला?

खामगाव-मलकापूरकडच्या जिनिंगमध्ये रात्रीची राखण करणारा नेपाळी गुरखा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वर्षानुवर्षे तो इथे राहतो, पण भारताचा नागरिक नसतो. त्याने स्वतःच्या नावावर बंदूक मागितली, तर कायदा त्याला काय सांगेल?

आपली राज्यघटना वाचताना दोन शब्दांवर बोट ठेवून वाचावे. कलम 14 आणि 21 मध्ये 'व्यक्ती' हा शब्द आहे. कायद्यापुढील समानता आणि जीविताचे संरक्षण परदेशी माणसालाही मिळते. कलम 19 मध्ये मात्र शब्द आहे 'नागरिक'. भाषण, सभा, संघटना, संचार हे हक्क नागरिकांपुरते. 1955 साली हान्स म्युलर या जर्मन गृहस्थाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. (आम्हा युनियनवाल्यांना हे शब्द जपून वाचावे लागतात. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात सभासदत्वासाठी पंधरा वर्षांवरील 'कोणतीही व्यक्ती' असे होते, आणि त्या एका शब्दावर गुरख्याचीही पावती फाडता येई.)

बंदूक मात्र या दोन्ही यादींत नाही. ती नाही, याला इतिहास आहे. लॉर्ड लिटनच्या राजवटीत 1878 साली हत्यारांचा कायदा झाला. त्याखाली युरोपियनांना परवान्यातून सूट होती आणि घरच्या माणसाने परवाना मागायचा होता. परका सशस्त्र, धनी निःशस्त्र! ही सल पिढ्यान्‌पिढ्या राहिली. म्हणून 1928 च्या नेहरू अहवालात, ज्याच्या समितीत आपल्या वऱ्हाडचे बापूजी अणे होते, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेला होता. 1931 च्या कराची ठरावातही तो आला. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी हरि विष्णु कामत यांनी हाच हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. असा हक्क घटनेत लिहिला तर गुन्हेगारही तो मागतील, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. कामतांची तळमळ मला समजते, पण माझे मत डॉक्टरांच्या बाजूने पडते.

अमेरिकेत उलट आहे. तिथे 1791 पासून हा हक्क घटनेतच असून शब्द 'लोक' असा आहे. मग 'लोक' म्हणजे कोण, यावर तिथे कोर्टकज्जे चालतात. ग्रीनकार्डावर राहणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींना तिथला मध्यवर्ती कायदा बंदूक घेऊ देतो. बेकायदा राहणाऱ्याला देत नाही. कायम रहिवाशांना नागरिक नाहीत म्हणून अडवणारा मॅसॅच्युसेट्स राज्याचा नियम 2012 साली तिथल्या संघीय न्यायालयाने घटनाविरोधी ठरवला.

आपल्याकडे जे काही आहे ते 1959 च्या शस्त्र कायद्यात. परवान्याशिवाय कोणत्याही 'व्यक्तीने' बंदूक बाळगू नये, असे त्याचे तिसरे कलम म्हणते. इथे देशी-परदेशी सारखेच बांधलेले. पण तेराव्या कलमात 'नागरिक' हा शब्द अचानक डोके वर काढतो. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची साधी बंदूक, अथवा रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक नागरिकाने मागितली, तर अपात्रतेची कारणे नसल्यास परवाना द्यावा, असा तिथे आदेश आहे. (जनावर मारण्याची परवानगी वेगळी, ती वनखात्याची.) बाकी बहुतेक अर्जदारांनी 'सबळ कारण' दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवायची. आपला गुरखा या दुसऱ्या रांगेत उभा. 1950 च्या भारत-नेपाळ तहाने त्याला इथे राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापाराची मोकळीक दिली. त्यात बंदुकीचे नाव नाही.

तेव्हा त्याला दार बंद नाही, पण उंबरठा उंच आहे. एक गोष्ट मात्र दोन्ही रांगांना सारखी लागू आहे, आणि ती गोरगरिबांनी ध्यानात ठेवावी : अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. नकार दिलाच, तर कारण लेखी नोंदवावे लागते, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नकारावर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील आहे. त्या अपिलाच्या कलमात शब्द आहे 'व्यक्ती'.