दहा बाय बाराच्या खोलीला नकार का?

‘घर केवढं आहे?’ दत्तक-अर्जातला हा प्रश्न लालबाग-परळकरांची दांडी पहिल्याच चेंडूत गुल करतो. दहा बाय बाराची खोली, सामाईक गॅलरी, नळाला ठरलेल्या वेळी पाणी. यात कुत्रा राहणार कुठे?

खरं तर मोठा कुत्रासुद्धा दिवसाचा निम्मा वेळ झोपून काढतो आणि त्याला चटईएवढी जागा पुरते. न पुरणारी गोष्ट म्हणजे माणसांची सोबत. गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधला तीन बेडरूमचा फ्लॅट सकाळी नऊ ते रात्री आठ रिकामा असेल, तर उसळत्या रक्ताच्या कुत्र्याला तो कोंडवाडाच. सोफा फाटतो, दार ओरबाडलं जातं, शेजारी भुंकण्याची तक्रार करतात आणि महिन्याभरात स्वारी परत. चाळीत आजी घरात असते, दार दिवसभर सताड उघडं.

पण ते उघडं दार सगळ्याच कुत्र्यांना मानवत नाही. गॅलरीतून दिवसभर परकी पावलं जातात. राखणीचा स्वभाव असलेला कुत्रा प्रत्येक पावलावर उठेल. शिवाय गणपतीतली लालबागची गर्दी, ढोल-ताशे, मग दिवाळीचे फटाके. म्हणून जाणकार कार्यकर्ते जरा अंतरावर स्टीलची ताटली पाडून बघतात. दचकणार सगळेच, दचकलेला कुत्रा किती वेळात सावरून ताटली हुंगायला येतो, ते महत्त्वाचं. कोपऱ्यात थरथरत बसणाऱ्याला गिरगाव चौपाटीच्या विसर्जन-मार्गावरचं घर कितीही प्रेमळ असलं तरी देऊ नये.

मुळात रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला घर हवंच असतं असंही नाही. २००१ च्या आणि आता २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस झालेला कुत्रा त्याच्याच गल्लीत परत सोडायचा असतो. कानाची कापलेली कड ही त्याची खूण. चहाच्या टपरीशी घरोबा झालेल्या अशा दादाला पट्टा बांधून चौथ्या मजल्यावर नेणं हा उपकार नव्हे. घर हवं असतं ते आई गमावलेल्या पिल्लांना, तीन पायांवर उरलेल्यांना आणि हौस फिटल्यावर सोडून दिलेल्या जातिवंतांना. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय चालवणारी संस्था १८७४ ची, महालक्ष्मीला केंद्र असलेली ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ १९८५ ची. तेव्हा ही उस्तवार शहराला नवी नाही.

मागणी मात्र पिल्लालाच. पिल्लू मोठेपणी केवढं होईल, कसं वागेल, हे कुणी सांगू शकत नाही. चार वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसत असतो. पहिल्यांदाच पाळणाऱ्याने खरं तर तोच न्यावा.

घर बघायला जाणाऱ्याने खोली मोजत बसू नये. जुलैच्या पावसात पहाटे खाली कोण नेणार? लिफ्ट नसेल तर तीन पायांचा कुत्रा जिने कसे चढेल? आणि मुंबईतला कळीचा प्रश्न: इमारत पुनर्विकासाला गेली आणि भाड्याच्या घराच्या मालकाने कुत्रा नको म्हटलं, तर? सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच बजावलंय. पण भाडेकरूने कायद्यावर विसंबू नये, आधीच विचारून घ्यावं.

एवढं जुळलं तरी पहिले दोन-तीन दिवस पाहुणा कॉटखालून हलत नाही. तेवढे दिवस त्याला बघायला आलेली मजल्यावरची पोरं उंबऱ्याबाहेर थोपवून धरायची, आणि चाळीत याहून अवघड काम नाही.