आधी पाठ तपासा, मग औषध

तेराव्या शतकात एका वैद्यघराण्याने आयुर्वेदातला एक जुना पेच सोडवायला घेतला. एकाच द्रव्याच्या गुणांबद्दल चरकसंहिता एक सांगते आणि सुश्रुतसंहिता दुसरे. मग रोग्यासमोर बसलेल्या वैद्याने कोणाला प्रमाण मानायचे? केशव नावाच्या वैद्याने ‘सिद्धमंत्र’ हा छोटेखानी ग्रंथ लिहून द्रव्यांचे आठ वर्ग पाडले: वात, पित्त, कफ यांपैकी एकेकाला शमवणारी, दोन-दोन दोषांना शमवणारी, तिन्हींना शमवणारी आणि दोष वाढवणारी. त्याचा मुलगा बोपदेव याने त्यावर ‘प्रकाश’ ही टीका लिहिली. वरदेच्या तीरावरचे सार्थ हे आपले गाव, असे बोपदेवाने नोंदवून ठेवले आहे. ही वरदा म्हणजे आजच्या वर्धा जिल्ह्याची पश्चिम सीमा आखणारी वर्धा नदी, असे अभ्यासक सर्वसाधारणपणे मानतात. कर्नाटकातही वरदा नावाची नदी आहे, हे खरे. पण कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाच्या वाटणीची सीमा म्हणून येते ती वरदाच, म्हणजे हे नाव विदर्भात बोपदेवाच्या कितीतरी आधीपासून रुळलेले होते.

या बापलेकांच्या कामाकडे पाहिले की टीकाग्रंथांविषयीचा एक रूढ समज डळमळतो. टीका म्हणजे मूळ ग्रंथाचे भाविक स्पष्टीकरण, त्यात नवे काही नसते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात टीकाकाराला आधी ठरवावे लागते, की समोरच्या दोन-तीन पोथ्यांतला कोणता पाठ खरा. मग इतर आचार्यांची मते मांडून विरोधाचा परिहार करावा लागतो. बोपदेवाचा आश्रयदाता, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. तिच्यात आणि त्याआधीच्या अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरे’त खरनाद या जुन्या आचार्याची वचने येतात. खरनादाची संहिता आज उपलब्ध नाही. तिचा बराचसा परिचय होतो तो अशा उताऱ्यांमधूनच. या दोन्ही टीकांसह ‘अष्टांगहृदय’ 1939 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून हरिशास्त्री पराडकरांच्या संपादनाखाली निघाले आणि अभ्यासकाला दोघांचे मतभेद एकाच पानावर ताडून पाहता येऊ लागले.

यावर पहिला आक्षेप असा, की हेमाद्री वाग्भटानंतर सुमारे सहाशे वर्षांनी झाला. त्याची साक्ष कितपत धरायची? उत्तर पोथ्यांच्या वयात आहे. आपल्या हवेत ताडपत्र आणि कागद फार टिकत नाहीत, त्यामुळे हाती असलेल्या बहुतेक वैद्यक पोथ्या गेल्या तीन-चार शतकांतल्या नकला आहेत. टीकाकाराने शब्द उचलून त्याचा अर्थ दिला असेल, तर तेराव्या शतकात त्या जागी तोच शब्द होता याचा तो पुरावा ठरतो. त्रिपाठ पद्धतीच्या पोथीत मूळ श्लोक मधोमध ठळक अक्षरांत असतो आणि टीका त्याच्या वर-खाली बारीक अक्षरांत. लेखनिकाने ‘घ’चा ‘ध’ केला, चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावून वर दुसरेच अक्षर लिहिले, तरी टीकेतला अर्थ ती चूक उघडी पाडतो. जिथे ‘वातघ्न’ आणि ‘वातल’ यांचे अर्थ एकमेकांच्या नेमके उलट आहेत, तिथे एका अक्षराने औषधाचे अपथ्य होते.

मात्र टीकाकाराचा शब्द अंतिम नव्हे, हेही तितकेच खरे. छापील सुश्रुतसंहिता मुख्यतः बाराव्या शतकातला टीकाकार डल्हण याने स्वीकारलेल्या पाठावर उभी आहे. नेपाळमध्ये या संहितेची इसवी सन 878 मधली ताडपत्राची पोथी सुरक्षित आहे. अध्यायारंभी भगवान धन्वंतरीने हे सांगितले अशा अर्थाचे जे वाक्य छापील प्रतीत येते, ते नेपाळी परंपरेच्या पाठात नाही. ग्रंथ कोणाच्या मुखातून आला, याबद्दलची आपली समजूतच नंतरच्या एका थराची आहे, असे त्यातून दिसते. म्हणून पोथी आणि टीका एकमेकींवर तपासून पाहाव्या लागतात. पुरावे गोळा करणे, त्यांचे वय ठरवणे, चुकांच्या साम्यावरून नकलांची वंशावळ मांडणे आणि नवी पोथी सापडली की निष्कर्ष बदलायला तयार असणे, ही रीत विज्ञानाचीच आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रोग्याला बरे वाटते की नाही, हे चाचणीतून ठरेल. पोथ्या कशाला हव्यात? औषधाचा गुण चाचणीनेच सिद्ध व्हायला हवा, यात शंका नाही. परंतु चाचणी कशाची करायची, हा प्रश्न आधी येतो. शंखपुष्पी म्हणून उत्तर भारतात एक जमिनीलगत पसरणारी वनस्पती वापरतात, तर केरळात गोकर्ण. दोघींची कुळेही वेगळी. ‘शंखपुष्पी गुणकारी ठरली’ असा निष्कर्ष काढताना कोणती वनस्पती तपासली आणि कोणत्या ग्रंथातल्या कोणत्या वर्णनाशी ती जुळते, हे सांगितले नाही, तर तो निष्कर्ष ग्रंथातल्या औषधाला लागू करता येत नाही. इथे निघंटू, म्हणजे औषधी द्रव्यांचे कोश, आणि टीका कामाला येतात: पाने, फूल, पर्यायी नावे, प्रादेशिक वापर यांच्या नोंदी त्यांतच आहेत. बोपदेवाने ‘हृदयदीपक’ हा निघंटू लिहिला तो याच गरजेपोटी.

आज वर्धा जिल्ह्यात सालोड (हिरापूर) इथे आयुर्वेद महाविद्यालय आहे, सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शेजारच्या नागपूर जिल्ह्यात रामटेकला संस्कृत विद्यापीठ आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या वैद्यक पोथ्यांची वर्णनात्मक सूचीही छापलेली आहे. म्हणजे साधने आहेत, माणसे आहेत. उणीव आहे ती त्यांनी एका टेबलाभोवती बसण्याची. ‘सिद्धमंत्र’ आणि ‘प्रकाश’ यांचे प्रियव्रत शर्मांचे संपादन 1977 साली निघाले. त्यातले एकेक द्रव्य घेऊन संस्कृतज्ञाने पाठ, वनस्पतिशास्त्रज्ञाने ओळख आणि डॉक्टर-वैद्यांनी गुण तपासावा, हे काम वर्ध्यात सुरू होऊ शकते. केशवाने जुन्या आचार्यांचा मतभेद झाकला नाही, तो मांडून निर्णय दिला. त्याच्या निर्णयालाही आपण तीच कसोटी लावली पाहिजे. काही निर्णय टिकतील, काही टिकणार नाहीत, आणि दोन्ही उत्तरे आयुर्वेदाच्या उपयोगाचीच ठरतील.